फॉरमॅटच्या आधी

घरातला आठ-दहा वर्षांचा संगणक कामाच्या मध्येच हँग होऊ लागला, किंवा आपणहून बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला, की बहुतेक घरांत निर्णय ठरलेला असतो: व्हायरस शिरला असेल, फॉरमॅट मारून घ्या. कॅबिनेट स्कूटरवर ठेवून दुकानात जातं, दोन दिवसांनी परत येतं, आठवडाभर बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला याच्या नेमका उलट क्रम सुचवायचा आहे. जुन्या संगणकाचं असं थांबणं विंडोजपेक्षा उष्णतेमुळे, विजेमुळे किंवा झिजलेल्या एखाद्या भागामुळे होण्याची शक्यता जास्त असते. जबलपूरसारख्या शहरात, जिथे जानेवारीची रात्र आठ-नऊ अंशांपर्यंत उतरते आणि मेमधली दुपार ४२ अंशांच्या घरात जाते, तिथे बिघाड कधी होतो याची नोंद हाच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. फॉरमॅटने संगणकातल्या नोंदी पुसल्या जातात, आणि दोष हार्ड डिस्कमध्येच असेल तर घरातले फोटो आणि कागदपत्रंही जातात. म्हणून तपास आधी, फॉरमॅट सगळ्यांत शेवटी.

तपासाच्याही आधी करायचं काम म्हणजे नक्कल. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे, वीज मंडळ अशा ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालेल्यांच्या घरातल्या संगणकात काय काय साठलेलं असतं ते आठवून पाहा: पेन्शनचे आदेश, जीवन प्रमाणपत्राच्या प्रती, आयकराची विवरणपत्रं, मुलांच्या लग्नाचे फोटो, कुणी हौसेने टाइप केलेली कुलवृत्तान्ताची पानं. यांतलं जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, सिनेमे आणि गाणी नंतर. मराठी घरांत आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं बरंचसं मराठी टंकन युनिकोडमध्ये नाही, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. हिंदी कागद असतील तर ते कृतिदेवमध्ये. संगणक फॉरमॅट झाला की ते फॉन्ट जातात आणि फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डरही उचलून ठेवा. नक्कल घेताना डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडायचा हट्ट धरू नका. मिळालं तेवढं घेऊन संगणक बंद करा. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष मांडले होते. वाचनात पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट निघाली. अशा डिस्कला शेवटची संधी म्हणून फॉरमॅटची मेहनत करायला लावणं हा धोका कुणीही पत्करू नये.

आता लक्षणं पाहू. हँग होणं आणि रीस्टार्ट होणं हे एकाच दमात म्हटलं जातं, पण त्यांचा उगम वेगळा असू शकतो. माउसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, तर संशय डिस्कवर किंवा तिच्या केबलवर घ्यावा. मिनिटा-दोन मिनिटांनी सगळं एकदम पुढे सरकलं तर तो आणखी पक्का होतो. बाण, घड्याळ, चित्र सगळं गोठलं, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा बटण दाबून बदलत नाही आणि स्पीकरमधून एकच घरघर येत राहते, तर रॅम, ग्राफिक्स किंवा मदरबोर्डकडे वळावं. निळा पडदा दिसून रीस्टार्ट होत असेल तर विंडोजने चूक ओळखली आहे आणि नोंदवलीही आहे. कोणतीही सूचना न देता, दिवा घालवल्यासारखा पडदा काळा होऊन लगेच संगणक पुन्हा उठत असेल, तर पहिला संशयित वीजपुरवठा: भिंतीतला, यूपीएसमधला किंवा कॅबिनेटमधल्या एसएमपीएसमधला. आणि संगणक बंद होऊन बंदच राहिला, थोड्या वेळाने गार झाल्यावर सुरू झाला आणि लवकरच पुन्हा गेला, तर ती बहुधा उष्णता आहे. ही वर्गवारी अचूक नाही, कारण एकच लक्षण दोन कारणांनी येऊ शकतं. पण दुकानदाराला ‘बंद पडतो’ एवढंच सांगणं आणि ‘सूचना न देता काळा होतो आणि लगेच सुरू होतो, तेही दुपारीच’ असं सांगणं यांत दोन दिवसांच्या मजुरीचा फरक आहे.

अडचण अशी की विंडोज आपणहून हा फरक झाकून टाकते. गंभीर चूक झाली की निळा पडदा क्षणभर दाखवून संगणक रीस्टार्ट करायचा, अशी तिची मूळ व्यवस्था असते. पाहणाऱ्याला वाटतं, नुसताच रीस्टार्ट झाला. कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम, तिथून अॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी या खिडकीत ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढून टाका. यापुढे निळा पडदा आला तर तो थांबून राहील आणि मोबाइलने त्याचा फोटो काढता येईल. दुसरं साधन इव्हेंट व्ह्यूअर. त्यातल्या विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीम या भागात लाल खुणेच्या नोंदी पाहा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की पुष्कळ जण, काही कारागीरसुद्धा, लगेच एसएमपीएस बदलायला सांगतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ती नंतर सुरू होताना लिहिली जाते आणि कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल तर विंडोजला चूक नोंदवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा संगणक पूर्ण गोठला आणि कुणी बटण दाबून बंद केला. शून्य नसेल तर निळा पडदा येऊन गेला आहे. त्याच यादीत ‘डिस्क’ नावाने बॅड ब्लॉकच्या नोंदी असतील तर नक्कल पुरी झाल्याशिवाय दुसरं काही करू नका. ‘व्हीया-लॉगर’ या नावाच्या नोंदी प्रोसेसर, मेमरी किंवा बोर्डाने स्वतः कळवलेल्या चुका असतात. त्या दिसल्या तर विंडोज नव्याने टाकून दोष जाईल ही आशा ठेवू नये.

या नोंदींच्या जोडीला एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, खोलीत कूलर चालू होता की बंद, लाइट लुकलुकली का, संगणक सुरू होऊन किती वेळ झाला होता. पंधरा दिवसांत आकार दिसू लागतो. जानेवारीत निमूट चालणारा संगणक मेमध्ये का रुसतो याचं गणित सोपं आहे. प्रोसेसरवरचा हीटसिंक आणि पंखा त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातलं अंतर आटोक्यात ठेवणं एवढंच त्यांच्या हाती असतं. समजा, संगणक नवा असताना भरपूर कामात हे अंतर ४५ अंश होतं. वीस अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर, आणि गच्चीखालच्या खोलीत भर दुपारी चाळीस असतील तर ८५ वर. दोन्ही चालण्यासारखं. आता हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला, आतली थर्मल पेस्ट वाळून भुसभुशीत झाली आणि अंतर ६० झालं. हिवाळ्यात ८०, म्हणजे काहीच जाणवणार नाही, उन्हाळ्यात १००. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा त्याच सुमारास असते. तिथे पोचल्यावर तो आपला वेग कमी करतो, म्हणून संगणक आधी अडखळतो, आणि तरीही तापमान चढलं तर स्वतःला वाचवण्यासाठी सगळं बंद करतो. दोष हिवाळ्यातही होताच. उन्हाळ्याने तो दाखवला. म्हणूनच ‘मागच्या महिन्यापर्यंत छान चालत होता, म्हणजे नवं काहीतरी बिघडलं’ हा तर्क इथे फसतो. तापमान दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात. त्यातला आकडा नुसता न वाचता त्यातून खोलीचं तापमान वजा करा आणि ते अंतर वहीत लिहा. वर्षानुवर्षं उपयोगी पडेल असा हा एकच आकडा आहे.

कूलरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडचा उन्हाळा एसीपेक्षा अजूनही खसच्या ताट्यांवर आणि पाण्याच्या कूलरवर निघतो. कोरड्या मे महिन्यात कूलर खोलीचं तापमान खरंच खाली आणतो, आणि त्याचा फायदा संगणकालाही होतो. पण कॅबिनेट थेट झोतात ठेवलं तर ओलसर हवा आणि कधी बारीक तुषार आत ओढले जातात. पाणी जड असेल तर ते वाळल्यावर क्षारांची पांढरी पूड मागे राहते, आणि बाहेरची धूळ ओली होऊन पात्यांना चिकटते. ती फुंकरीने निघत नाही. शिवाय कूलरची मोटर आणि पंप एकाच बोर्डावर संगणकासोबत जोडलेले असले, तर दर वेळी मोटर सुरू होताना दाबाला झटका बसतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून थोडं उचलून ठेवावं. टेबलाच्या बंद कप्प्यात तर कधीच नाही. जुलैत हवेतच ओल भरलेली असते तेव्हा कूलर गारवा देत नाही, फक्त दमटपणा वाढवतो. त्या दिवसांत संगणकाच्या खोलीत पंखा बरा.

सफाई घरी करता येते. प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, बाजूचं झाकण उघडा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आतल्या भागांना हात लावा. मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. पंख्यावर जोराची हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा; मोकाट फिरू दिलं तर त्याचं बेअरिंग बिघडू शकतं. प्रोसेसरचा पंखा हाताने हलकेच फिरवून पाहा: अडखळत असेल, करकर वाजत असेल, तर तो बदलणं हाच उपाय आहे. थर्मल पेस्ट नवी लावायची तर जुनी पूर्ण पुसून, वाटाण्याएवढा थेंब पुरे. जास्त लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही. हीटसिंकच्या चारही खुंट्या बोर्डात पक्क्या बसल्या आहेत ना हे दोनदा पाहा, कारण सफाईनंतर संगणक आधीपेक्षा जास्त तापण्याचं कारण बहुधा तीच एक सुटलेली खुंटी असते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपासचा एकदिश दाब काही काळ टिकून राहू शकतो. त्याच्या जाळीतून बाहेरून हवा मारा, तेवढं पुरे.

इथे जाणकार वाचक हरकत घेतील, आणि ती विचारात घेण्यासारखी आहे. गूगलच्या ज्या अभ्यासाचा मी आधार घेतला, त्यातच असंही निघालं होतं की मध्यम तापमानाच्या पट्ट्यात जास्त तापलेल्या डिस्क जास्त प्रमाणात बिघडल्या नाहीत. मग उष्णतेला एवढं दोषी का धरायचं? पहिलं म्हणजे तो अभ्यास हार्ड डिस्कचा आहे, प्रोसेसरचा किंवा वीजपुरवठ्याच्या भागांचा नव्हे. दुसरं, त्याच अभ्यासात खूप चढलेल्या तापमानाचा आणि तीन-चार वर्षं वापरलेल्या डिस्कचा अपवाद नोंदवलेला आहे, आणि आपला विषय आठ-दहा वर्षांचा संगणक आहे. तिसरं, इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर या भागाबाबत उष्णतेचा परिणाम निर्विवाद आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा अभियंते रोज वापरतात तो ठोकताळा. या शतकाच्या सुरुवातीला सदोष कॅपॅसिटरमुळे जगभर मदरबोर्डांवरच्या नळकांड्या फुगल्या, फुटल्या. मोठमोठ्या कंपन्यांना बोर्ड बदलून द्यावे लागले. पुढच्या काळात मदरबोर्डांवर घन प्रकारचे कॅपॅसिटर आले, पण एसएमपीएसमध्ये द्रव भरलेले अजूनही असतातच. उन्हाळा त्यांना एका दिवसात मारत नाही. दर वर्षी थोडं थोडं सुकवतो.

त्या सुकण्याचा परिणाम विजेच्या बाजूने दिसतो. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, सेकंदाला ५० आवर्तनं. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. बाहेरची वीज क्षणभर तुटली तरी चांगल्या एसएमपीएसने साधारण १६ मिलिसेकंद संगणकाला सांभाळून न्यावं अशी रचनेची अपेक्षा असते, आणि हा साठा असतो त्याच मोठ्या कॅपॅसिटरमध्ये. घरगुती यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद, कधी दहापर्यंत लागतात. एसएमपीएस नवा असताना हा खड्डा तो सहज ओलांडतो. कॅपॅसिटर सुकला की साठा कमी होतो, आणि मग यूपीएस शाबूत असूनही लाइट जाताच संगणक रीस्टार्ट होतो. घरातले म्हणतात यूपीएस वाया गेला, आणि नवी बॅटरी घातली जाते. दोघांतला दोषी ओळखायला शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब पुरतो. यूपीएस पूर्ण चार्ज करून, संगणकाऐवजी त्याला हा बल्ब जोडा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. बल्ब विझला किंवा मिनिटभरात मंदावला तर यूपीएस किंवा त्याची बॅटरी गेली. बल्ब तेजस्वी राहिला, पण त्याच यूपीएसवर संगणक मात्र तग धरत नाही, तर संशय एसएमपीएसवर. यूपीएसमधल्या शिशाच्या बॅटरीचाही उन्हाळा शत्रूच आहे. दोन-तीन उन्हाळे काढले की तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

यावर दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, ‘आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे.’ स्टॅबिलायझर दाब वर-खाली झाला तर सावरतो. तुटलेल्या क्षणात द्यायला त्याच्याकडे वीज नसते, आणि रिले बदलताना तो स्वतःच एक छोटा खंड पाडतो. दुसरं, ‘घरात इन्व्हर्टर आहे.’ त्यावर मागे बहुधा एक स्विच असतो: यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडमध्ये तो पंखा-दिव्यांना चालेल इतक्या सावकाश बॅटरीवर येतो आणि दाब बराच खाली गेला तरी बाहेरचीच वीज घेत राहतो. संगणकासाठी यूपीएस मोडच हवा. राहिला प्रश्न, मध्य प्रदेशच्या काही वीज कंपन्यांची मुख्यालयं ज्या जबलपुरात रामपूरच्या शक्ती भवनात आहेत, तिथे विजेला दोष का द्यायचा? कारण इथे प्रश्न शहराला किती तास वीज मिळते याचा नाही. संगणकाला धक्का देतं ते गल्लीतल्या खांबावरचं सैल जोडकाम, घरातल्या बोर्डातला जळका सॉकेट, मान्सूनपूर्व वादळात तारांवर आदळलेली फांदी. एका खोलीतले दिवे मंदावताना दुसऱ्या खोलीतले एकदम प्रखर होत असतील तर न्यूट्रल सैल झाल्याचं ते लक्षण आहे. तेव्हा संगणक, टीव्ही, फ्रिज सगळ्यांचे प्लग काढा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा, कारण त्या स्थितीत दाब दोनशेतीसच्या बराच वर जाऊ शकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. गोलबाजार, राइट टाउन, नेपियर टाउन अशा जुन्या वस्त्यांत वायरिंग जुनं असेल तर हे आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही निकामी होत जातो, त्यात पाणी घालावं लागतं. वीज कडाडताना नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा, आणि राउटरची केबलही.

पावसाळ्यातला बिघाड वेगळा. वहीत जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी पहिल्यांदा सुरू करतानाच अडखळल्याच्या, आणि अर्ध्या तासाने सुरळीत झाल्याच्या नोंदी असतील तर ते ओल आणि गंजलेले संपर्क असण्याची शक्यता बरीच. साठलेली धूळ ओल धरून ठेवते. रॅमच्या सोनेरी कडांवर पातळ थर बसतो. रॅम काढून कडा मऊ पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसून, कण झटकून, खटका बसेपर्यंत परत लावली की बरेच संगणक जागे होतात. डिस्कच्या केबलची दोन्ही टोकंही काढून पुन्हा लावा. केबल स्वस्त असते, शंका आली तर बदलून टाका. पावसाळ्यात संगणक महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड तासभर चालवलेला चांगला, त्याची स्वतःची ऊब ओल हटवते. झुरळं, मुंग्या आणि पाली कॅबिनेटमध्ये घर करतात. मागच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या लावून घ्या.

इतकं करूनही दोष राहिला तर आता चाचण्या. रॅमसाठी मेमटेस्ट हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून पुन्हा चालवा. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा प्रोग्राम तिची स्मार्ट नोंद वाचतो. रीअॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर या दोन ओळींतला आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल तर डिस्क बदलायची. उलट बाजूही लक्षात असू द्या: त्याच २००७च्या अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. ‘गुड’ हा शब्द म्हणजे हमी नव्हे. आणि मग सर्वांत निर्णायक चाचणी, जी फारच थोडे जण करतात: लिनक्सची कुठलीही आवृत्ती पेन ड्राइव्हवरून, डिस्कवर काहीही न टाकता चालवून पाहणं. आपल्या सी-डॅकने बनवलेली बॉस लिनक्सही चालेल. ज्या वेळी बिघाड होतो त्याच वेळी, त्याच खोलीत, दोन-चार तास त्यावर व्हिडिओ चालवा. तिथेही संगणक गोठला किंवा रीस्टार्ट झाला, तर विंडोज निर्दोष ठरली; फॉरमॅटने काहीही होणार नाही. तिथे सुरळीत चालला, तर दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे, आणि डिस्क आधीच तपासलेली असेल तर फॉरमॅटची पाळी आता खरोखर आली. या सगळ्यात एका वेळी एकच बदल करा. रॅम पुसली, पेस्ट लावली, एसएमपीएस बदलला हे एकाच दिवशी केलं तर संगणक सुधारला तरी कशाने, ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तोच खर्च पुन्हा होतो.

‘पण मागच्या वेळी फॉरमॅटनेच बरा झाला होता,’ ही हरकत अनुभवातून येते म्हणून तिला वजन आहे. तरी त्या वेळी आणखी काय काय घडलं ते पाहा. दुकानात कॅबिनेट उघडलं गेलं, ब्लोअरने धूळ उडाली, केबल हलल्या, रॅम काढून बसवली गेली. विंडोज नव्याने टाकताना फाइली डिस्कच्या वेगळ्या जागी लिहिल्या गेल्या, त्यामुळे खराब भाग काही दिवस वाटेत आला नाही. सुरू होताना उघडणारे पंधरा प्रोग्राम गेले, प्रोसेसरवरचा भार उतरला, म्हणून तापमानही. सुधारणा खरी होती, पण श्रेय कुणाचं हे ठरलेलं नव्हतं. ‘दुकानात चार तास चालवला, काहीच झालं नाही, घरी आणला की बंद पडतो’ ही तक्रार तर कारागिराला खोटी वाटते आणि मालकाला जादू. खरं तर तो मोलाचा पुरावा आहे: विंडोज दोन्हीकडे तीच होती, हवा आणि वीज मात्र वेगळी होती.

‘एवढ्या खटाटोपापेक्षा नवा घ्यावा’ हे काही घरांसाठी बरोबरच आहे, आणि त्याची सीमा आखता येते. मदरबोर्डावरच्या नळकांड्यांचे माथे फुगले असतील, किंवा एसएमपीएस, रॅम आणि डिस्क तिन्ही बदलून तपासल्यावरही व्हीयाच्या नोंदी येत असतील, तर खर्च थांबवावा. विंडोज १० चं नियमित सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आहे, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सोय व नव्या पिढीचा प्रोसेसर बऱ्याच जुन्या संगणकांत नाही; बँकेचे व्यवहार त्यावर करायचे असतील तर हा मुद्दा बिघाडाइतकाच वजनदार आहे. पण बोर्ड निरोगी असेल आणि काम पत्रं टाइप करणं, फोटो पाहणं, व्हिडिओवर नातवंडांशी बोलणं एवढंच असेल, तर जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, एक चांगला एसएमपीएस आणि लिनक्स एवढ्यावर तो आणखी काही वर्षं काढतो. जबलपुरात मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये हे सगळं मिळतं. खरेदीला जाताना जुन्या एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो आणि वही सोबत न्या. नव्या एसएमपीएसचे नुसते वॅट पाहू नका, १२ व्होल्टच्या ओळीवर तो किती अँपिअर देतो तेही वाचा, कारण संगणकाचा बहुतेक भार त्याच ओळीवर असतो. काढलेली जुनी डिस्क, ती वाचली जात असेल तर, यूएसबीच्या केसमध्ये घालून आणखी एक नक्कल म्हणून ठेवा. वाचली जात नसेल आणि त्यातले फोटो दुसरीकडे कुठेही नसतील, तर ती घरी उघडू नका, फ्रिजमध्ये ठेवण्यासारखे ऐकीव उपायही करू नका. डेटा परत मिळवण्याचंच काम करणाऱ्या जाणकाराकडे, मध्ये एकदाही सुरू न करता, जशीच्या तशी द्या.